तळ ऐकायला पुण्याला

समुद्राचा तळ कसा ओळखायचा ते बघायला पुण्याला चाललेय, असं सांगितल्यावर दादा आधी हसला आणि मग म्हणाला, "तिथं समुद्र कधी आणला?" दादा हर्णै बंदरातला तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख. आमच्या घराचं पोट तीन पिढ्या समुद्रावर आहे, मी तेवढी बाहेर पडले आणि दापोलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यात पीएचडी करतो. त्याचा विषय असा, की उथळ समुद्रात पाण्याखाली आवाज करायचा, लांबवर तो ऐकायचा, आणि पोचेपर्यंत तो किती आणि कसा बिघडला त्यावरून खालचा तळ कसला आहे ते काढायचं. दोन वर्षं तो मला हे फोनवर समजावतोय. या फेब्रुवारीत म्हणाला, "मावशी, आता येच. पानशेतला चाचणी आहे आणि मला एक हमाल हवाय."

बारावीची प्रात्यक्षिकं उरकली होती. निघाले.

बुधवार

दापोली, माणगाव, ताम्हिणी, स्वारगेट. प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की माझ्या मांडीवर जुन्या जाळ्याचा गुंडाळा होता आणि शेजारच्या बाईंनी नाकाला लावलेला पदर चांदणी चौकापर्यंत काढला नाही. जाळं भाच्यानं मागवलं होतं.

त्याची खोली सिंहगड रस्त्यावर, आनंदनगरला. पलंग सोडून सगळीकडे वायरी. टेबलावर नाण्याएवढ्या पितळी चकत्या, वाढदिवसाच्या कार्डातून गाणं वाजतं त्यातल्या. "हे आपले पाण्याखालचे कान," म्हणाला. चकतीवर दाब आला की किंचित वीज तयार होते. तिला दोन तारा डाखायच्या, चकती छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवायची आणि बाटली एरंडेलानं काठोकाठ भरायची. हवेचा बुडबुडा राहिला तर आवाज तिथंच अडतो. एरंडेलात मात्र आवाजाचा वेग जवळपास पाण्यातल्याइतकाच, त्यामुळे पाणी कुठं संपलं आणि तेल कुठं सुरू झालं हे आवाजाला कळतच नाही. लहानपणी आजीनं नाक दाबून जे घशात ओतलं त्याचा असाही उपयोग असतो, हे मला पन्नाशीत कळलं.

असे दोन हायड्रोफोन तयार होते. प्रयोगशाळेत विकतचा चांगला आहे, पण तो धरणात सोडायला सर देत नाहीत. मी सर असते तर मीही दिला नसता.

जेवताना मी मुद्द्याचं विचारलं. तळच बघायचा तर एक गोळा खाली टाकून माती वर का काढत नाही? काढतात, तो म्हणाला, पण ती एका जागेची माती. शिवाय वर ओढताना तिची घडी मोडते, आतलं पाणी निथळतं, म्हणजे हातात येतो तो तळ नव्हे, त्याचा लगदा. आवाज मात्र मधला सगळा पट्टा ऐकून येतो. खोल समुद्रात आवाज तळाला न शिवताही शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. भूखंडमंचावर, दोनशे मीटरच्या आतल्या पाण्यात, त्याला ती सोय नाही. वर पृष्ठभाग, खाली तळ, मध्ये तो आपटत आपटत जातो आणि दर आपटीला तळ आपली जकात घेतो. वाळू थोडी घेते, चिखल बरीच. म्हणून एकाच बोटीचा आवाज एका किनाऱ्यावर लांबून ऐकू येतो आणि दुसऱ्यावर जवळच विरतो. पाणबुडी शोधणाऱ्या नौदलाला हे कळायला हवं, आणि समुद्रात पवनचक्कीचे खांब ठोकताना डॉल्फिनना किती त्रास होईल याचा हिशेब करणाऱ्यालाही.

मग आकडे निघाले. अमेरिकेतल्या एडविन हॅमिल्टन यांनी समुद्रतळाच्या मातीतला आवाजाचा वेग आयुष्यभर मोजला, त्यांचा १९८० सालचा लेख या विषयातले लोक अजून उघडतात. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, वाळूत १६५० च्या आसपास किंवा जास्त, बेसॉल्टमध्ये ५००० च्या वर. आणि मऊ चिखलात? पाण्याइतकाच, कधी तर एखादा टक्का कमीच. चिखल म्हणजे जास्तकरून पाणीच की.

माझ्यातली मास्तरीण इथं जागी झाली. हे तर आमचं पूर्ण आंतरिक परावर्तन! भाजीच्या पिशवीवर गणित केलं. १५०० भागिले १६५०, त्याचा व्यस्त कोसाइन, साडेचोवीस अंश. वाळूच्या तळाशी याहून लहान कोन करून घासत आलेला आवाज जवळजवळ सगळा परत वर येतो. चिखलाला असा कोनच नाही, तिथं आवाज खाली उतरला की गेला. बारावीच्या पोरांना मी तीस वर्षं फक्त हिरा आणि ऑप्टिकल फायबर सांगत आले, आणि हे आमच्या बंदराखाली रोज चाललेलं होतं.

गुरुवार

बुधवार पेठ, तपकीर गल्ली. यादीत केबल, कनेक्टर, रेकॉर्डरच्या बॅटऱ्या, आणि शंभर वॉटचे जुने तारेचे बल्ब, एक डझन.

"बल्ब कशाला, ताई? एलईडी घ्या, दोन वर्षं वॉरंटी."

"आम्हाला फोडायचेत."

दुकानदारानं भाच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुण्यात सभ्य दिसणाऱ्या बाईला लोक कारण विचारतातच. भाच्यानं सांगितलं. बल्बच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. दहा मीटर पाण्याखाली बाहेरचा दाब दुप्पट. तिथं काच फोडली की पाणी चहूबाजूंनी आतल्या पोकळीवर तुटून पडतं आणि त्या धडकेचा एक तोकडा, कणखर ठोका निघतो, काहीशे हर्ट्झचा. स्फोटकं नकोत, परवाने नकोत. समुद्रावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी ही युक्ती खरोखर वापरलेली आहे.

दुकानदार क्षणभर विचारात पडला. "फोडायचेच तर गेलेले का नाही चालणार? तार तुटली म्हणून काच थोडीच तुटते." पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत हे कुणाला सुचलं नव्हतं. त्यानं माळ्यावरून खोक्यात पडलेले नऊ गेलेले बल्ब काढून दिले, पैसे घेतले नाहीत. तीन नवे आम्ही लाजेखातर विकत घेतले.

संध्याकाळी दोरीला दर मीटरला रंगीत चिंध्या बांधल्या. बल्बसाठी तारेचा पिंजरा, वर टोकदार खिळा, आणि दोरीवरून घसरत जाऊन खिळ्यावर आपटणारं शिशाचं कडं. पिंजऱ्याभोवती आमचं हर्णैचं जाळं तीन पदरी. धरणाचं पाणी लोक पितात, त्यात काच सांडायची नव्हती.

शुक्रवार

सहाला निघायचं होतं, मागून आणलेल्या व्हॅनमुळे साडेआठ झाले. खडकवासल्याला धरणाच्या काठाला पुणेकर चौपाटी म्हणतात. मी काही बोलले नाही. याच गावात १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तिथं बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत भरती-ओहोटी आणतात. दादाला लगेच फोन करावासा वाटला, की समुद्र आणलाय रे पुण्यात, छपराखाली आणि वेळापत्रकानुसार.

पुढं डोणजे फाटा, खानापूर, आणि डोंगरांच्या मधोमध पानशेत. अंबी नदीवरचं हे धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आज पाणी आरशासारखं होतं. म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा होतं.

परवानगीचे कागद सरांनी आधीच करून ठेवले होते. नावा दोन. एकीत भाचा, दोन हायड्रोफोन आणि रेकॉर्डर, नांगर टाकून एका जागी. दुसरीत मी, बल्ब आणि वल्हवणारे काका. मागून आणलेला एक इको साउंडरही होता, पण त्याच्या चार्जरची पिन रात्रभर अर्धवट बसली होती. पडदा दहा सेकंद उजळला आणि विझला. "चालेल," भाचा म्हणाला, "दोरी आहे." दोरीच्या टोकाला पावशेराचं शिसं बांधलं. काका म्हणाले, "अकरानंतर वारा सुटतो बघा. नाव एका जागी राहत नाही." आम्ही दोघांनी अदबीनं मान डोलावली आणि खोली मोजायला बसलो. वारा सुटला होता. चौदावी चिंधी ओली झाली तेव्हा शिसं टेकलं. वहीत लिहिलं: खोली १४ मीटर.

माझी नाव दोनशे मीटरवर गेली. बल्ब दहा मीटर खाली सोडला, हात वर केला, शिशाचं कडं सोडलं. एक, दोन, तीन... पायाखालच्या फळीला खालून कुणी टिचकी मारावी तसा आवाज. बस्स. वर पाण्यावर चार बुडबुडे आले. पिंजरा ओढला तर जाळ्याच्या पदरात काचेचे तुकडे, बारीक मासळीसारखे चमकणारे. समोरच्या नावेत भाचा दोन्ही हात हलवत उभा, त्याची नाव डुलतेय, आणि काका "खाली बसा हो" म्हणून ओरडताहेत.

दुसरा, तिसरा, चौथा. सहावा फुटलाच नाही, तसाच वर आला. आठवा व्हॅनमध्येच तडकला होता. मग चारशे मीटरवर जाऊन उरलेले.

मधल्या मोकळ्या वेळात कानाला हेडफोन लावून नुसतं धरण ऐकलं. समुद्राच्या मानानं मुकं. आमच्याकडच्या गरम, उथळ पाण्यात कोळंबीच्या जातीतले चिमुकले प्राणी नांग्या मिटून कडकड आवाज करतात, लाह्या फुटल्यासारखा. इथं ते नाही. आजोबा वल्ह्याचं पातं पाण्यात धरून दांड्याला कान लावायचे आणि ढोमा मासा बोलतोय का ऐकायचे. ढोमा पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून गुरगुरतो. तेच आजोबा शिशाच्या बुडाला साबण फासून खाली सोडायचे आणि साबणाला काय चिकटलं ते बोटानं चोळून सांगायचे, गाळ, रेती की शिंपले. काही न चिकटता साबणावर खड्डा पडला तर खडप. भाच्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं वहीत लिहून घेतलं. पणजोबांचा दाखला पीएचडीत चालतो का, विचारायला हवं.

तळ्यात प्रयोग म्हणजे कमीपणा, असं त्याला अधूनमधून वाटतं. म्हणून त्यानंच मला सांगितलेली गोष्ट त्याला ऐकवली. १८२६ साली जिनिव्हाच्या सरोवरात कोलाडों आणि स्टर्म यांनी एका नावेत पाण्याखाली घंटा वाजवली, त्याच क्षणी वर दारू पेटवली, आणि दुसऱ्या नावेतल्या माणसानं पाण्यात कर्णा बुडवून ठिणगी आणि घंटा यांतलं अंतर मोजलं. आठ अंश तापमानाला वेग आला १४३५ मीटर. दोन नावा, एक ठोका, एक ऐकणारा. आमच्यापेक्षा त्यांच्याकडे फक्त बल्ब नव्हते.

दुपारी डोक्यावरून एक छोटं विमान गेलं आणि रेकॉर्डरवर त्याची घरघर उमटली. मी वैतागले, भाचा खूश झाला. कॅलिफोर्नियात मायकेल बकिंगहॅम यांच्या गटानं पंख्याचं छोटं विमान मुद्दाम समुद्रावरून उडवलं, त्याचा आवाज पाण्यात आणि तळाच्या मातीत पुरलेल्या हायड्रोफोननी ऐकला, आणि विमान येताना-जाताना सूर किती चढतो-उतरतो त्यावरून मातीतला वेग काढला. २००२ साली छापून आलं. विमान हवेत, आणि कळतंय समुद्राच्या तळाचं! हे वाचून मी विश्वास ठेवला नसता, पण फिजिक्स बरोबर आहे.

नांगर उपसताना भाच्याच्या नावेत काळा, लोण्यासारखा गाळ आला. मी चमच्यानं हॉर्लिक्सच्या बाटलीत भरून घेतला. नखांत गेला तो जेवताना पिठल्याबरोबर थोडा पोटातही गेला असणार.

शनिवार

आदल्या दिवशीच्या नोंदींचं चित्र सुंदर होतं. आडवा वेळ, उभी कंप्रता. फोडताना एकच ठोका, पण चारशे मीटरवर पोचेतो त्याचे चार-पाच कोयते झालेले. प्रत्येक कोयता वर सरळ आणि खाली उजवीकडे वाकलेला, म्हणजे उंच सूर आधी पोचले, ढाले मागून. पाण्याच्या थरात आवाज ठरावीक साच्यांतच पुढं सरकतो आणि प्रत्येक साच्याची चाल निराळी. उथळ पाण्यासाठी हे गणित सी. एल. पेकेरिस यांनी १९४८ साली मांडलं, पाण्यातल्या स्फोटांच्या नोंदी समोर ठेवून. कोयता किती वाकला, यात खोलीही दडलेली असते आणि तळही.

उलटं जायचं कसं? सरळ सूत्र नाही. कॉम्प्युटरला सांगायचं, की समज गाळ इतका जाड, त्यातला वेग इतका, खालचा खडक असा. आता कोयते काढून दाखव. त्यानं काढलेले आणि आपण ऐकलेले ताडून बघायचे. जमले नाहीत, दुसरा अंदाज. क्राकेन नावाची प्रणाली फुकट मिळते, ती हे कोयते काढते. भाच्यानं रात्री चाळीस हजार अंदाज लावून ठेवले होते आणि लॅपटॉपचा पंखा रिक्षासारखा वाजत होता. १९९१ साली सी-डॅकनं याच पुण्यात 'परम ८०००' बांधला तेव्हा असल्या कामाला महासंगणक लागायचा. आता लॅपटॉप लागतो आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती.

अजून तीन तास होते, म्हणून मला कसब्यात तांबट आळी दाखवायला नेलं. एक कारागीर तांब्याच्या पत्र्याचं मठारकाम करत होता. ठोक ठोक ठोक, मग पत्रा भट्टीत लाल करायचा, गार करायचा, पुन्हा ठोकायचा. ठोकून ठोकून तांबं ताठरतं, तापवलं की पुन्हा नरम पडतं. भाचा म्हणाला, "मावशी, आपला कॉम्प्युटर हेच करतोय." सुरुवातीला तो 'गरम' असतो, म्हणजे वाईट अंदाजाकडेही उडी मारायची त्याला मुभा असते. हळूहळू थंड करत नेलं की चांगल्या उत्तराजवळ तो स्थिरावतो. नाहीतर पहिल्याच खळग्यात बसून राहील आणि तोच तळ म्हणेल. समुद्रतळासाठी ही पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. पण दाखला तंतोतंत नाही, हे मला समोरच दिसलं. कारागिरानं लाल पत्रा सरळ पाण्यात बुडवला, चर्र झालं, आणि तांबं तरीही नरमच राहिलं. कॉम्प्युटरला असली घाई चालत नाही, एकदम गार केला तर तो भलत्या उत्तरात गोठतो. मी हे बोलून दाखवल्यावर भाचा म्हणाला, "तुला घेऊन फिरणं अवघड आहे."

घरी आलो. उत्तर आलं होतं.

तळ कडक. गाळ शून्य.

मी स्वतःच्या नखांकडे बघितलं. हॉर्लिक्सची बाटली खिडकीत उभी होती, तळापासून गळ्यापर्यंत गाळानं भरलेली. भाच्यानं नोंदी तपासल्या, पाण्याचं तापमान तपासलं, वरचं २४, खालचं २२, आवाजाचा वेग १४९० च्या आसपास, सगळं ठीक. पुन्हा चालवलं. पुन्हा गाळ शून्य, आणि कोयते इतके जुळलेले की वाईट वाटावं. चुकीचं उत्तर बेंगरूळ असतं अशी माझी मास्तरकीतली समजूत होती. हे देखणं होतं.

रात्री दादाचा फोन आला, जेवलीस का विचारायला. मी सगळं गाऱ्हाणं सांगितलं. त्याला कोयत्यांत रस नव्हता.

"पाणी किती होतं?"

"चौदा मीटर."

"कशानं मोजलं?"

"दोरीनं."

"अगो, शिसं कितीचं?"

"पावशेर."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "वारा होता?"

होता. दादा म्हणाला, वाऱ्यात नाव सरकते, हलकं शिसं मागं राहतं, दोरी तिरकी पडते, आणि तुम्ही तिरकी दोरी उभी म्हणून मोजता. "तुमचं पाणी चौदा नाही. तेरा असेल, साडेबारा असेल. चौदा नाही."

भाचा स्पीकरवर ऐकत होता. तो उठला आणि खोलीत फेऱ्या मारायला लागला, आणि मग ते त्याच्या आणि माझ्या एकदमच डोक्यात आलं. मऊ गाळ आवाजाच्या लेखी जवळजवळ पाणीच. ठोका गाळातून खाली जातो आणि खालच्या कडक थरावरून परततो. म्हणजे त्याला 'खोली' वाटते ती पाणी अधिक गाळ. आम्ही आधीच सांगून बसलो होतो की नुसतं पाणीच चौदा. मग गाळाला जागा उरली कुठं? आम्ही गाळ पाण्यातच मोजून टाकला होता. कॉम्प्युटरनं बिचाऱ्यानं आमची चूक अगदी प्रामाणिकपणे सांभाळून घेतली होती.

उपाय त्याला माहीत होता, आळसानं केला नव्हता: खोली ठाम सांगायची नाही, तिलाही अज्ञात ठेवायचं. बारा ते पंधरा, तूच शोध. आणि एक उत्तर मागायचं नाही, चालण्यासारखी सगळी उत्तरं मागायची. रात्री दीडला पडद्यावर ठिपके जमले. आडवी खोली, उभा गाळ. ठिपक्यांचा पुंजका व्हायला हवा होता. झाली एक तिरकी, लांबट रेघ, डोंगराच्या सोंडेसारखी. एका टोकाला खोली १४, गाळ शून्य. दुसऱ्या टोकाला खोली १२, गाळ दोन. बेरीज सगळीकडे चौदाच. आवाजाला बेरीज पक्की माहीत होती, वाटणी माहीत नव्हती.

मला विचाराल तर पाच दिवसांत बघितलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट. आदल्या दिवशीच्या 'गाळ शून्य'मध्ये कसलीच शंका नव्हती आणि ते खोटं होतं. भाचा मात्र हिरमुसला. समुद्रावरही हेच होतं, म्हणाला, फक्त तिथं चुका महाग. आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या गाळात तर बऱ्याच ठिकाणी मिथेन अडकलेला आहे. मातीत वायूचे थोडे बुडबुडे असले तरी आवाजाचा वेग धाडकन उतरतो, पाण्याच्या कितीतरी खाली. तिथं हॅमिल्टनचा तक्ताही मदतीला येत नाही.

रविवार

वारा सुटायच्या आत, म्हणून सहाला खरंच निघालो. कोपऱ्यावरच्या वाण्याला उठवून त्याच्या तराजूचं दोन किलोचं वजन उसनं आणलं. त्यानं कारण विचारलं, आम्ही सांगितलं, त्यानं आधार कार्ड ठेवून घेतलं.

पानशेतवर धुकं, पाणी हलत नव्हतं. मोबाइलवर जागा लावून शुक्रवारच्याच ठिकाणी नाव उभी केली. दोरी सोडली, ओळंब्यासारखी उभी गेली. बाराव्या आणि तेराव्या चिंधीच्या मध्ये, तेरावीला जरा जवळ. रात्रभर नीट चार्ज झालेला इको साउंडर म्हणाला १२.७. त्याचा सूर इतका उंच की तो गाळात शिरतच नाही, वरच्या सायीवरूनच मागं फिरतो. त्याला गाळाखालचं काही कळत नाही आणि बल्बच्या ढाल्या ठोक्याला गाळाचा वरचा काठ कळत नाही. दोघांना शेजारी बसवल्यावर वाटणी झाली.

भाच्यानं नावेतच लॅपटॉप उघडला, खोलीवर १२.७ची खूण केली आणि रेघेला छेद दिला. गाळ १.३ मीटर. ०.९ ते १.६ मधलं काहीही चालेल, अशी पुस्ती. काका वाकून बघत होते. "एवढा भरलाय होय," म्हणाले, आणि वल्हं उचललं.

दुपारच्या एसटीला स्वारगेट. हॉर्लिक्सची बाटली ताम्हिणीच्या वळणांवर उलटली आणि पानशेतचा गाळ माझ्या दोन साड्यांना लागला, वास जाळ्याइतकाच. शेजारी या खेपेला एक कॉलेजचा मुलगा होता, तो उठून मागं जाऊन बसला.

माणगावला गाडी थांबली तेव्हा दादाला फोन केला.

"किती निघाला गाळ?"

"सव्वा मीटरच्या वर. पण नव्वद सेंटिमीटर ते एक मीटर साठ, मधलं काहीही असेल."

"हां," तो म्हणाला. "आमचंही तसंच असतं." मग जरा थांबून, "पोराला म्हणावं, इथं ये. सुवर्णदुर्गाच्या पलीकडं दहा वाव खोलीवर कशावर जाळं टेकतं ते मला माहीत आहे, त्याच्या यंत्राला काय वाटतं ते बघू. पण मे महिना संपायच्या आत. १ जूनला बंदी लागली की बोट वर."

"सांगते."

"आणि ते पावशेराचं शिसं आणू नका."